जातानाचे ब्रेक

…नाही, माझं म्हणणं एवढंच आहे की दोष ब्रेकचा नव्हता, आणि ब्रेक सुचवणाऱ्याचा तर मुळीच नव्हता, तरी घरात जो तो माझ्याकडेच बघतो. म्हणून आधी स्पष्ट करतो, तुम्हाला सांगतो त्यातलं माझं स्वतःचं फक्त ब्रेक निवडण्यापुरतं आणि अगदी शेवटचं थोडं, बाकीचं सगळं मामांकडून ऐकलेलं, गेल्या रविवारी दुपारी, अंगणात बोटीच्या ट्रेलरवर शेजारी शेजारी बसून.

तर प्रश्न फक्त थांबण्याचा होता.

मामांची बोट आहे. फार मोठी नाही, पण ट्रेलरवर चढवून मोटारीला जोडली की वजनात मोटारीला भारी पडते, आणि त्या ट्रेलरला ब्रेक नावाची वस्तूच नव्हती. सुटीच्या दिवशी मामा-मामी दोघंच तलावावर जायचे, मामा गळ टाकून बसायचे, मामी विणायला घ्यायच्या, दिवसभर एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत आणि संध्याकाळी खूश होऊन परतायचे. आता याला संसारसुख म्हणावं की आणखी काही, मी अधिकाराने सांगू शकत नाही. पण एकदा परतताना, उताराच्या पायथ्याशी हमरस्ता आडवा येतो तिथे, मामांनी ब्रेक दाबला. मोटार थांबायला तयार, मागची बोट कुठे तयार? तिने मोटारीला ढकलत ढकलत हमरस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं, आणि येणारा ट्रक मामींच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. मामी उतरल्या, दार हलकेच लावलं आणि बसने घरी आल्या. त्या दिवसापासून त्या मोटारीत बसेनात. मामा एकटेच जाऊ लागले, आणि सोबत कुणी नसेल तर गप्प बसण्यातही काही राम नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं.

म्हणून मला फोन. तू एवढा शिकतोयस, ब्रेक कुठला लावू सांग. माझा विषय माती! तरी मी रीतसर वाचलं… विजेवरचा? चांगला, पण बोट उतरवताना ट्रेलर चाकांसकट पाण्यात जाणार, तारा गंजणार. ड्रमचा? त्यात पाणी साचून राहणार. मग राहिला रेट्यावर चालणारा डिस्क ब्रेक, म्हणजे मोटार हळू झाली की ट्रेलर मागून रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याच्या चाकांना ब्रेक लागतो. जो ढकलतो तोच थांबतो. मी म्हटलं, हाच. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, कुठलाही सांगा, बसवून देतो, फक्त आत बसणाऱ्यांना पटवायचं काम आमच्याकडे नाही.

कारण प्रश्न फक्त थांबण्याचा होता, नाही का?

मेख एकच. चढावर ट्रेलर मागे ढकलत नेतानाही मोटार आणि ट्रेलरच्या जोडावर तोच रेटा येतो, मग ब्रेक लागून चाकं अडतात. त्यासाठी जोडावर एक पिन असते, ती खोचली की रेटा ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही. मागे घेऊन झालं की आठवणीने काढायची. मामांचं अंगण चढावर. ब्रेक बसवून आणल्यावर त्यांनी पिन खोचली, ट्रेलर मागे मागे आत घेतला, आणि… ओळखलंत ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवे ब्रेक बसलेत म्हणून, मामी यायला तयार झाल्या. मामांना म्हणाल्या, "एकदाच येते. पुन्हा तसं झालं तर बोट ठेवा, मला विसरा."

मामा इतके घाबरलेले की अख्खा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गोंगाट, एक सायकलवालासुद्धा पुढे गेला म्हणे! पण निम्म्या वाटेत मामींनी विणकाम काढलं. "छान आहेत हो ब्रेक," त्या म्हणाल्या, "लागलेले कळतसुद्धा नाहीत." मामांची छाती फुगली. तलावावर पोहोचून बघतात तर पिन जागच्या जागी. ब्रेक लागलेलेच नव्हते! मामांनी पिन उपसून खिशात घातली आणि दिवसभर नेहमीपेक्षाही गप्प बसले.

परतताना ब्रेक खरे होते. म्हणून मामाही नेहमीच्या वेगाने निघाले, आणि दर वेळी पाय दाबला की मागून दण्णकन धक्का, सुईवरचे टाके सुटले, लोकरीचा गुंडा पायाशी… पण उताराच्या पायथ्याशी मोटार आणि बोट दोन्ही अगदी रेघेवर थांबल्या, समोरून ट्रक शांतपणे निघून गेला, आणि मामांनी मोठ्या अभिमानाने शेजारी पाहिलं. मामी विणकाम पिशवीत भरत होत्या.

"जातानाचे ब्रेक चांगले होते," त्या म्हणाल्या. "तेच लावा, मग बघू." आणि उतरून बस धरली.

आता त्यांना सांगणार कोण, की जातानाचे ब्रेक म्हणजे काहीच नव्हतं? मिस्त्रीने धक्का काढून दिला, आता ब्रेक लोण्यासारखे लागतात, तरी मामी म्हणतात, हे ते नव्हेत. मामा एकटेच जातात. प्रश्न फक्त थांबण्याचा होता. तो सुटला, एवढं म्हणता येईल.

एक भाग मात्र मला पडताळता आलेला नाही. मामा शपथेवर सांगतात की पिन उपसली तेव्हा मामींची पाठ होती. काल मी मामींना सहज म्हटलं, ब्रेक आता उत्तम झालेत, एकदा बसून तर बघा. त्या म्हणाल्या, "मला बाई त्या पिनाबिना काय कळतात?" पिनेचं नाव मी काढलेलं नव्हतं. तरी त्यांनी पाहिलंच होतं असा निष्कर्ष मी काढणार नाही, मिस्त्रीकडूनही कळलं असेल… आणि मामांना तर मी हे विचारणारही नाही, ते अजून जातानाचे ब्रेक शोधतायत.