कोड पुरवणारे हात

देवाच्या दारात माणसांच्या हातांची झडती घेणारे — होय, तुम्हालाच म्हणतोय, पहिल्या ओळीत लोडाला टेकलेल्यांना! कुठला हात देवीला चालतो अन् कुठला नाही, हे ठरवायचा मक्ता तुम्हाला दिला कुणी? देवीनं दिला? कधी? कुणाच्या देखत?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. ऐका.

पिंपळसोंड गाव. गावाची मळाई देवी. अष्टमीला देवीला पुरणपोळीचा नैवेद्य, अन् तो रांधायचा मान देवीचे पुजारी असलेल्या भोप्यांच्या थोरल्या सुनेचा. थोरली सून कोण? गजराबाई! तिची पोळी इतकी तलम की खालचं पोळपाट दिसावं, अन् पुरण मात्र काठापर्यंत! दुसरीकडं कुठं पोळी खाल्ली की गाव म्हणायचं, ‘चांगली आहे, पण गजराबाईची नव्हे.’ वर्षभर ती कुणाची सून, कुणाची आई. त्या एका दिवशी ती गजराबाई!

एका उन्हाळ्यात कणीक मळताना बोटाच्या पेरावर पांढरा ठिपका दिसला. वाटलं, पीठ असेल. धुतलं. पुन्हा धुतलं. पीठ गेलं — ठिपका राहिला! पावसाळ्यापर्यंत दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे.

मग काय, गाव मोकळंच! ‘दुधावर मासळी खाल्ली असणार.’ ‘मागल्या जन्मीचं फेडतेय.’ शेजारणीनं बावचीचं तेल दिलं — ‘चोळ अन् उन्हात बस!’ बसली बिचारी. हे टपोरे फोड आले!

अन् पंच दारात. ‘गजराबाई, तुझ्या अंगावर कोड आलंय. यंदा नैवेद्य धाकटी करील.’

ती रडली? छे! तिनं फोड आलेले हात पदरात गुंडाळले अन् तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

‘बाई, मासळीनं झालं का हो?’

‘नाही.’

‘मग मागल्या जन्मीचं?’

‘मागल्या जन्माचे पेशंट मी घेत नाही!’ डॉक्टरीण हसली. ‘हे बघा, कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. अंगातली राखणदार फौज चुकून त्यांच्यावरच उठते. रंग बनायचा थांबतो. एवढंच. तुमचा दोष नाही.’

‘माझ्या हातचं खाऊन कुणाला होईल?’

‘शिवून नाही, खाऊन नाही, एका ताटात जेवूनही नाही. मलम देते, दवाखान्यातल्या यंत्रानं मोजून प्रकाश देऊ. कुणाचा रंग परत येतो, कुणाचा नाही. पण पांढरी कातडी पटकन भाजते — उन्हापासून जपा. अन् ते तेल आधी फेका!’

आता बायांनो, तुम्ही गालाला पदर का लावताय? वांग आलंय? वांग म्हटलं की मागच्या ओळीला भरीत आठवलं बघा! अहो, गरोदरपणात येतं, उन्हानं गडद होतं. अन् तुम्ही करता काय? दुकानातून गोरं व्हायची ट्यूब आणता, न विचारता महिनोन्‌महिने फासता! वांग राहतं बाजूला, कातडी लाल अन् कागदासारखी पातळ होते. ऊन टाळा, डॉक्टरला दाखवा. गोरं व्हायची एवढी कसली घाई? विठोबा कुठल्या रंगाचा आहे?

असो. अष्टमी आली. पहाटे धाकटी जाऊ धावत आली. ‘आक्का, माझी पोळी तव्यावर फुटतीय!’

गजराबाई उठली. ‘सरक. देवीला फुटकी पोळी वाढायची?’

नैवेद्य झाला. आरती झाली. पंगत बसली. मोठ्या पंचांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले — ‘वा! मळाई, आज जिभेचं कोड पुरवलंस ग!’

चुलाणामागून आवाज आला — ‘देवीनं नव्हं, पंच. हे कोड मी पुरवलं!’

अन् गजराबाई समोर! दोन्ही पांढरे हात पुढं!

पंच ओरडले, ‘फसवलंस!’

‘कशात फसवलं? देवीनं घेतला नैवेद्य. तुम्ही हात जोडलेत त्यालाच. ओठ चाचपून बघा, डाग आला का?’

मंडळी, पंचांच्या हातात अर्धी पोळी! टाकावी — तर देवीचा प्रसाद! खावी — तर गजराबाईचा हात! काय करावं त्यांनी? ...खाल्ली! मान खाली घालून खाल्ली. अन् वर तूप मागितलं!

तिनंच वाढलं. त्याच हातानं. वाढता वाढता म्हणाली, ‘पुढल्या अष्टमीला नैवेद्य माझ्या हातचा, अन् माझ्याच नावानं.’

पंच म्हणाले, ‘बघू.’

बघू? पोटात गेली की पोळी! आता बघायचं काय राहिलंय?

मंडळी, मंडपामागून पुरणाचा वास येतोय ना? तुमच्याच गावच्या बाया लाटताहेत. कुणाच्या हातावर काय आहे, मी सांगणार नाही. पंगत बसायच्या आत एवढं सांगा — पोळी चालते, तर त्या हाताला देवीच्या गाभाऱ्याशी अडवता कशासाठी?

पहिल्या ओळीतले, मान वर करा. बोला!