तीन लाख सत्त्याऐंशी हजार, खरेखुरे

...आणि वर मलाच म्हणतात, "जेरोनोच्या आई, तुम्हाला काय करायचंय?" आता तुम्हीच सांगा, मला काय करायचंय? काही नाही! पण विचारायला नको? शेजारचा माणूस, आमच्या नाकुरू शहरात सगळे ज्याला वाकून नमस्कार करतात असा, एकतीस वर्षं गणित शिकवलेला ओगुटू मास्तर, रोज संध्याकाळी गाडी घेऊन येतो, दारात उभी करतो आणि उतरतच नाही! इंजिन चालू, काचा वर, आणि हा आत स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला. एक मिनिट... दोन मिनिटं... मी आपली दोरीवरचे कपडे काढतेय, एकच पेटीकोट तीनदा घडी घालतेय, आणि हा भिंतीकडे बघतोय! पहिल्या दिवशी म्हटलं असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नक्की घरात बिनसलंय. तिसऱ्या दिवशी सरळ त्याच्या बायकोकडे गेले, मीठ मागायला. मीठ होतं हो घरात, पण हात हलवत कसं जायचं? म्हटलं, "अपोंडी, बाई, मन मोकळं कर. मास्तर घरात यायला का घाबरतात?"

ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. म्हणाली, "माझ्याकडे काय आहे घाबरण्यासारखं? त्यांनाच विचारा."

मग विचारलं. काचेवर टकटक केली आणि विचारलं, "मास्तर, रडताय का?"

काच खाली आली. मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "टर्बो गार होतोय."

म्हणे ती साधी गाडी नाही, तिच्या पोटात एक भोवरा आहे, तो पळून पळून लालबुंद होतो, एकदम बंद केली तर आतलं तेल जळतं, म्हणून घरी आल्यावर तिला दोन मिनिटं श्वास घेऊ द्यायचा. म्हटलं मास्तर, अपोंडी दिवसभर राबून बसते तेव्हा तिला कधी दिलात का दोन मिनिटं श्वास घेऊ? तर काच वर गेली.

तशी गाडी देखणी हो, खोटं कशाला बोलू? निळीशार, बुटकी, चार दारांची, बॉनेटवर नाकपुडीसारखं भोक आणि पाठीवर पंख. पंख! अठरा वर्षं तो पंख घेऊन ही गाडी मोलोच्या शाळेत गेली आणि परत आली, गणिताचा मास्तर घेऊन. डिसेंबरात सियायाला गावी गेली, गावातल्या प्रत्येक मयताला गेली. आणि सांभाळायची किती? दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलायचं म्हणजे बदलायचं, चार हजार नऊशे नव्वदला नाही की पाच हजार दहाला नाही. तेलाचा डबा स्वतः आणायचा, सील स्वतः फोडायचं, आणि बराका, आमचा फुंडी हो, मेकॅनिक, तो गाडीखाली असताना मास्तर शेजारी खुर्ची टाकून बसणार, परीक्षेत पहाऱ्याला बसतात तसे. बराका मला म्हणाला, "काकू, माझ्या लग्नात पाद्र्यानेसुद्धा माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं." टायमिंग बेल्ट लाखाला एक. क्लच दोनदा. फक्त शॉकअप, रस्त्याचे धक्के झेलणारे... ते तेवढे सारखे जायचे. चौथी जोडी! बराका डोकं खाजवायचा, "मास्तर, परत?" आणि मास्तर म्हणायचे, "हल्लीचा मालच खराब येतो."

आणि मीटर! मोंबासाच्या बंदरात जहाजातून उतरली तेव्हा एक्केचाळीस हजार होते, त्याचा जपानी कागद मास्तरांनी काचेत मढवून भिंतीवर लावलाय, लग्नाच्या फोटोच्या शेजारी. शेजारी कसला, जरा वरच. आणि आता तीन लाख सत्त्याऐंशी हजार. एकूण एक खरेखुरे. मास्तर मला एकदा कुंपणावरून म्हणाले, "जेरोनोच्या आई, मला दुसरं काही नको. चार लाख होताना बघायचंय. सगळे नऊ एकदम पडतात आणि सगळी शून्यं उभी राहतात ना, तेवढं एकदा या डोळ्यांनी बघितलं की झालं."

मला काय करायचंय म्हणा! पण मी विचारलं, "आणि मग?"

तर म्हणाले, "मग काय, पाच लाख."

पण मधे आली अंडी.

अपोंडीच्या कोंबड्या साडेचारशेवर गेल्या, तिने तळ्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना अंडी पुरवायला घेतली, आणि ती न्यायची कशातून? पंखवाल्या गाडीतून! मास्तर आता रिटायर, तेच पोचवायला जायचे. बारा ट्रे निघायचे, आणि हॉटेलात डिकी उघडली की आत ऑम्लेट! कधी तीस फुटायची, कधी चाळीस. हॉटेलवाला नाक मुरडायचा. अपोंडी रोज संध्याकाळी डिकी धुवायची आणि धुताना जे बोलायची ते मला आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं, म्हणजे स्टुलावर उभं राहिलं की. "बुटकी मेली! कडक मेली! हिला गादी नाही की माया नाही!" शेवटी हॉटेलवाल्याने निरोप धाडला, या महिन्यात असंच चाललं तर दुसरीकडून घेतो. आणि अपोंडीने भर अंगणात, माझ्यासमोर, मी पीठ मागायला गेले होते, सांगून टाकलं: "अहो, ऐका. एकतर ही गाडी विका आणि ती उंच खोक्यासारखी गाडी आणा, नाहीतर कोंबड्या मी विकते आणि दिवसभर तुमच्यासमोर बसून राहते."

मास्तर पांढरे पडले. त्यांचा रंग पांढरा पडणारा नाही, तरी पडले. म्हणाले, "विकतो." शब्द दिला. झालं!

दुसऱ्या दिवशी मागच्या काचेवर कागद. विकणे आहे, फोन नंबर, आणि खाली मास्तरी अक्षरात: मीटर ३,८७,०००. आता मला सांगा, आमच्याकडे असं कुणी लिहितं? आमच्याकडे गाडी विकायची म्हटली की आधी मीटर मागे फिरवायचा, मग गाडी धुवायची. हे सगळ्यांना माहीत! घेणाऱ्याला माहीत, देणाऱ्याला माहीत, बराकाच्या पाळलेल्या कुत्र्याला माहीत! आणि इथेच तर सगळा घोळ झाला. पहिला आला एक टोपीवाला. गाडीभोवती फिरला, इंजिन ऐकलं, डोळे मिटून ऐकलं हो, भजन ऐकतात तसं. मग मीटर बघितला आणि हसत सुटला. "मास्तर, किती मागे फिरवलाय?"

"फिरवलाच नाही."

"अहो, सगळे फिरवतात. फिरवूनसुद्धा तीन लाख सत्त्याऐंशी राहिले, म्हणजे मुळात किती असतील? आठ लाख? नऊ? गाडी आहे का आगबोट?" आणि गेला! मास्तर कुंपणाला धरून उभे. एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण हे गणित त्यांना सुटेना.

दुसरा आला तोही तेच. तिसरी एक बाई आली, डोळ्याला गॉगल, ती तर म्हणाली, "फिरवणाऱ्याला पैसे कमी दिलेत वाटतं, अर्ध्यात सोडून गेला." चौथा आला दलाल, मुटिसो नावाचा, गळ्यात चार फोन. तो म्हणाला, "मास्तर, एका दुपारचं काम आहे. ओळखीचा माणूस आहे, लॅपटॉप लावतो, नव्वद हजार करतो. उद्या गाडी गेलीच म्हणून समजा."

अपोंडी म्हणाली, "करा!" मी म्हटलं, मला काय करायचंय, पण करा! आणि मास्तर? मास्तर म्हणाले, "मुटिसो, मी पोरांची चुकलेली उत्तरं खोडली. बरोबर आलेलं उत्तर आजपर्यंत कुणाचं खोडलं नाही."

मुटिसोने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

महिना संपत आला. हॉटेलवाल्याची मुदत चार दिवसांवर. आणि आले किहारा. न्याहुरुरूचे, साठीचे, अंगात स्वेटर, फारसं बोलणं नाही. तुम्हाला सांगते, त्या माणसाने मीटरकडे पाहिलंच नाही! सरळ दार उघडून खाली वाकला आणि पेडलांचं रबर चाचपलं. अंगठ्याने, सावकाश. मग स्टिअरिंगवर हात फिरवला, जिथे मास्तरांचे तळवे असतात तिथे अगदी गुळगुळीत झालंय ते. मग सीटची कड. आणि मग मीटर. मला राहवेना, म्हटलं, "काका, काय दिसलं?"

म्हणाले, "चाळीस वर्षं गाड्या घेतोय. मीटर फिरवता येतो बाई, पाय फिरवता येत नाही. पाय आणि आकडा एकच बोलतायत अशी गाडी आज पहिल्यांदा बघितली. मास्तर, तुम्ही म्हणाल ती किंमत."

बघा! इतके दिवस ज्याची वाट बघितली तो माणूस आला, आणि मास्तरांचा चेहरा असा झाला जसा मुलीला बघायला आलेल्यांनी पसंती दिल्यावर बापाचा होतो. नाही म्हणायला कारणच उरलं नाही ना! अपोंडी म्हणाली, "नुसतं चाचपून काय घेता? चालवून बघा. आणि जाताय तर अंडी पोचवा, बारा ट्रे आहेत." मास्तर पुढे बसले, अपोंडी मागे, आणि अपोंडीच्या शेजारी मी. मला काय करायचं होतं म्हणा, पण गाडीत एक जागा रिकामी होती.

किहारांनी चालवली. तळ्याच्या रस्त्यावर अकरा स्पीडब्रेकर आहेत, मी मोजलेत. पहिला आला, किहारांनी गाडी हळू केली, जरा तिरकी घेतली, एक चाक चढवलं, मग दुसरं, आणि गाडी अशी उतरली जशी म्हातारी पायरी उतरते. दुसराही तसाच. तिसराही. मास्तरांचा पाय इकडे नुसताच दाबला जातोय, जिथे पेडल नाही तिथे! सातव्याला त्यांच्याच्याने राहवेना. म्हणाले, "किहारा, ही खेळाडू गाडी आहे. हिला असं मरतुकडं चालवलं की ही रुसते. हे असले ब्रेकर ही उडत घेते!"

मागून अपोंडीचा आवाज आला. अगदी हळू. "काय घेते?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

हॉटेल आलं. डिकी उघडली. अपोंडीने मोजली. परत मोजली. मग मला म्हणाली तुम्ही मोजा. मी मोजली. तीनशे साठ! एकाला साधी चीर नाही! हॉटेलवाला बाहेर येऊन बघून गेला, म्हणाला, "आज दुसरी गाडी आणलीत का?"

अपोंडीने मास्तरांकडे पाहिलं. मी खूप नवरा-बायको बघितलेत, आमच्या ओळीतले तर सगळेच, पण असं पाहताना कुणाला बघितलं नाही. दोन वर्षं, हो! दोन वर्षं त्या गाडीला बुटकी मेली, कडक मेली, आणि गाडी बिचारी इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नाही. आणि ते चार जोड शॉकअप! खराब माल, म्हणे!

अपोंडीने हात पुढे केला. म्हणाली, "किल्ली." किहारांना वाटलं त्यांच्याकडे मागते, तर म्हणाली, "किहाराभाऊ, माफ करा, गाडी विकायची नाही. गाडीत दोष नाही." लग्नाआधी ती दूध सोसायटीचा टेम्पो चालवायची, लायसन्स पेटीत तळाशी होतं ते वर आलं. किहारा हळहळले हो. पण जाताना मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, मीटर खरा ठेवलात." आणि मास्तर त्यावरच चार दिवस जगले.

आता अपोंडी चालवते. हॉटेलं तीनाची सात झाली. मास्तर मागे बसतात, अंडी धरून. तक्रार नाही. फक्त तो आकडा मनात. तीन लाख नव्वद... पंच्याण्णव... आणि परवा सकाळी मीटरवर तीन लाख नव्याण्णव हजार नऊशे ब्याऐंशी! मास्तर टाय लावून आले. पण त्या दिवशी ऑर्डर मोठी, डिकी भरली, आणि उरलेले ट्रे मास्तरांच्या मांडीवर, थेट नाकापर्यंत. समोरचं काही दिसेना. तेव्हा त्या माणसाने मला हाक मारली. मी पुढे बसले होते, मागे माझे गुडघे मावत नाहीत म्हणून. म्हणाले, "जेरोनोच्या आई, अपोंडीची नजर रस्त्यावर हवी. तुमची नजर चांगली आहे. तेवढं तुम्ही बघा आणि नव्याण्णव झाले की ओरडा. मी मान उंच करून बघून घेईन."

ऐकलंत? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी आपणहून म्हणालं, बघा म्हणून! मी डोळे मीटरवर लावले ते असे लावले की पाणी आलं. नव्वद... त्र्याण्णव... शहाण्णव... मागून मास्तर, "झाले का?" "थांबा हो!" सत्त्याण्णव... अठ्ठ्याण्णव...

आणि नेमका कोपऱ्यावरच्या नर्सबाईंच्या दारात टेम्पो उभा! आणि त्यातून सोफा उतरवतायत! तीन माणसं बसतील असा! आणि नर्सबाई एकट्या राहतात हो! एकट्या! मी ओरडलेच, "अहो, मग तीन माणसांचा सोफा कशाला?" मला काय करायचंय, पण...

मागे वळून वळून तो सोफा दिसेनासा झाला तेव्हा मीटरकडे बघते तर चार लाख एक.

मी खाली मान घालून आकडा सांगितला. मग ट्रेच्या मागून मास्तरांचा आवाज आला, अगदी शांत.

"सोफा कुठल्या रंगाचा होता, जेरोनोच्या आई?"

म्हटलं, "तपकिरी."

म्हणाले, "बरं."