पोट वर केलेला मासा

घरात मासे पाळणार असाल तर माझं एक ऐका, त्यांच्या सवयी घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी आमच्या काचेच्या टाकीत आफ्रिकेतला एक छोटा कॅटफिश आणून सोडला होता. ही जात पोट वर करून उलटीच पोहते. त्याच आठवड्यात देऊळघाटहून बाबा आमच्याकडे खामगावला आले. त्यांना घरी ठेवून आम्ही नवरा-बायको एका लग्नाला गेलो आणि माशाचं सांगायचं राहूनच गेलं.

दुपारी बाबांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"तुहा तो ठिपक्यावाला मासा गेला रे. मातीत पुरून देतो त्याले."

मी काही बोलायच्या आत फोन बंद. मी परत परत लावतोय आणि ते उचलेनात. जिवंत मासा मातीत गेलाच असं धरून मी मांडवात बसून राहिलो. शेवटी त्यांचाच फोन आला, धापा टाकत.

"काहीतरी भलतंच होऊन राह्यलं! गाळणीनं बाहेर काढला तं फडफडला. जिता हाय म्हणून पाण्यात सोडला तं पुन्हा मेला. पाण्यात मरते अन् बाहेर जगते, असा कसा मासा हाय बे हा?"

"बाबा, तो मेला नाही. त्याची जातच उलटी पोहते. राहू द्या त्याले पाण्यात."

 बाबा एकदम चिडले.

"मंग आधी सांगाले काय झालं होतं तुले? घरात मयत हाय म्हणून मी जेवलोबी नाही! सूनबाईनं केलेलं पिठलं तसंच थंडं होऊन राह्यलं ना!"