सहा ओळींचं उत्तर

— नाही मॅडम, खुर्ची बसण्याजोगी झालीय, कडेचा वेत तेवढा ओढायचा राहिलाय. तुम्हाला थांबवलं ते दुसऱ्याच कामासाठी. तुम्ही इथे स्पॅनिश शिकवता ना? मग 'त्रांकिलो' म्हणजे शांतच ना? मला तेवढा एकच शब्द येतो. दादानं शिकवला — तो तिकडच्याच एका मासेमारीच्या बोटीवर आहे — म्हणायचा, समुद्र त्रांकिलो, गल्ली त्रांकिलो, रडून झोपलेलं पोर त्रांकिलो, आणि बाईमाणूस असेल तर त्रांकिला. आमच्या आईनं तर उचललाच तो. वहिनी भांडी आपटायला लागली की आई म्हणते, "त्रांकिला, सूनबाई, त्रांकिला!" — मग वहिनी आणखी आपटते. हसताय? हसा. आम्हीही हसायचो.

दादा नऊ दिवस दवाखान्यात आहे. जाळ्याचा दोर तुटून छातीवर बसला. पहिल्या दिवशी मी तिथल्या नर्सला विचारलं — येतं तेवढंच फोनवर लिहून पाठवलं, 'त्रांकिलो?' उत्तर आलं, 'त्रांकिलो'. रोज मी तेच विचारायचो, रोज तेच यायचं, आणि मी आईला सांगायचो, दादा शांत आहे, जेवतो, दुखत नाही. जेवतो आणि दुखत नाही हे माझ्या पदरचं. — आता वाटतं, ती बिचारी तरी दुसरं काय लिहिणार? समोरच्याला एकच शब्द येतो म्हटल्यावर तोच परत द्यायचा. दुसरं काही विचारायला शिकलो असतो तर — पण नाही शिकलो. मुद्दामच नाही शिकलो, असंही म्हणा.

खरं तर बोटीवर जायला निवड माझी झाली होती. अनोळखी माणसांत माझी दातखिळी बसते, शाळा त्यापायीच सुटली. दादा म्हणाला, तू राहा, मी जातो. आईला वाटतं, त्यालाच हौस होती — हे तुम्हाला का सांगतोय मी?

आज सकाळी नर्सकडून सहा ओळी आल्या. त्रांकिलो कुठेच नाही, बोट ठेवून तीनदा शोधला. फोनवरच अर्थ निघतो म्हणे — माहीत आहे मला, बटणाशी बोट नेलं होतं, दाबवलं नाही. हा घ्या फोन, तुम्ही वाचा. — सहा ओळींना एवढा वेळ? चष्मा का काढलात? — मॅडम?

थांबा, वाजतोय. आईच असेल, ह्या वेळी रोज विचारते. नका उचलू, द्या इकडे. — वर्ग भरलाय तुमचा. जा तुम्ही.