हमीदचाचांची मोटरवाली सायकल

सायकलीला मोटर बसवून देतोस का विचारतोयस, म्हणून सांगतो. पाव विकणाऱ्या हमीदचाचांना मी घरीच बसवून दिली होती. आमच्या वाडीचा चढ ते रोज सायकल ढकलत चढायचे, मला बघवेना.

आठवड्याने चाचा दारात. "काढ रे ती मोटर."

"बिघडली?"

"झकास चालते. पण निम्मे पाव परत जातात. मी ढकलत यायचो तोवर बायका पैसे घेऊन अंगणाच्या गडग्याशी यायच्या. आता त्या येईपर्यंत मी वर पोचलेला."

"मग थांबायचं की."

"दारोदार थांबायला मी काय वर्गणी मागतोय?"

म्हटलं, चढाला मोटर बंद ठेवा. आता चाचा उतरून ढकलतात. बॅटरीने सायकल जड झाल्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि पाव वाटेतच संपतात.

परवा विचारत होते, याहून जड बॅटरी मिळते का?