शेवरीची हाक

धुरपताबाई : थांब गं पंचे, पयलं समजून घेऊ दे. तू बोलली की हितं पडद्यावर अक्षरं उठतेत. असंच ना?

पंचशीला : हाव माय. जोरात बोललं की मोठी, हळू बोललं की बारीक. पुण्यात मी हेच काम करते. कानानं न्हाई तर डोळ्यानं ऐक.

धुरपताबाई : अगं बया! अन् हे गोल गोल काय फुटून राहिलंय?

पंचशीला : माझं हसू हाय ते.

धुरपताबाई : कान गेल्यापासून तुझं हसू नुस्तं दातात बघत आले गं मी.

साहेबराव : झालं का मायलेकींचं? टँकर यायचा वखत झाला. घागरी लावा रांगेला.

धुरपताबाई : अवो, घागरी कवाच लावल्या. हितं बसा, बोला ह्याच्यापुढं. उद्या मी चारा छावणीला येणार हाय, आपल्या गायीला बघाया. तिच्यासाठी भाकर बांधून ठेवली. कशी हाय माझी शेवरी?

साहेबराव : कशी असंल? मजेत हाय.

धुरपताबाई : खाती का?

साहेबराव : खाती की. ऊस देतेत, पेंड देतेत. तू नको येऊ. ऊन लई हाय.

धुरपताबाई : पंचे, ह्यांची अक्षरं का हलून राहिलीत?

पंचशीला : कुठं?

धुरपताबाई : हे बघ की. तुझी समदी सरळ हुती. ह्यांचं 'मजेत' बादलीतल्या पाण्यावाणी हलतंय. बिघडलं का तुझं मशीन?

पंचशीला : न्हाई माय, बिघडलं न्हाई. आवाज कापला की अक्षर कापतं.

धुरपताबाई : तोंड तर ह्यांचं दगडावाणी हाय.

साहेबराव : (तोंड फिरवून) पंचे, तू तिला कायतरी सांगून गप कर. शेवरी गेली. मागल्या बाजाराच्या दिवशी. बसली ती उठलीच न्हाई.

पंचशीला : बाबा…

साहेबराव : लातूरला पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय, मग जनावराला कोण इच्यारतो? तुझ्या मायला कळू देऊ नको. घरात चितळासारखी फिरती ती, कळलं तर जागेवर बसंल. पाऊस पडला की सांगू.

पंचशीला : बाबा, बोलू नका. मशीन चालू हाय.

साहेबराव : आं?

पंचशीला : तुमी तोंड फिरवून बोललात तरी तिला समदं दिसलं.

(धुरपताबाई पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचते.)

धुरपताबाई : असं किती येळा बोललात माझ्यासमोर? तोंड फिरवून?

साहेबराव : धुरपते…

धुरपताबाई : लातूर जिल्हा झाला त्या साली माहेराहून तिची आजी आणली मी. शेवरीची माय मेली तवा बोटानं दूध चाटवलं मी तिला. अन् मलाच न्हाई सांगितलं! मला छावणीत का न्हाई नेलं?

साहेबराव : तिथं गर्दी, ट्रकांची ये-जा. तुला मागून काई आलं तर ऐकू येत न्हाई. भ्या वाटलं मला.

धुरपताबाई : हे अक्षर न्हाई हललं.

साहेबराव : खरं हाय म्हणून. अन् आता समदंच खरं सांगतो. पेंड पुढं टाकली तरी तोंड लावत नव्हती ती. तिनिसांजेला तेवढे कान टवकारायची, आपल्या गावाकडं तोंड करून. दुसऱ्याच्या हाकंला ढिम्म हालायची न्हाई. मी मारली हाक, तुझ्यावाणी आवाज काढून. नुस्तं बघितलं माझ्याकडं.

धुरपताबाई : तिनिसांजेला?

साहेबराव : हाव. रोज.

धुरपताबाई : मी पण रोज हाक मारत हुते हितून. रिकाम्या दावणीपुढं. शेजारची सरजाबाई हसायची मला.

पंचशीला : माय, रडू नको.

धुरपताबाई : रडू दे गं. पंचे, माझी हाक कशी दिसती ते दाखव. माझा आवाज मला ठावंच न्हाई आता.

पंचशीला : मार.

धुरपताबाई : शेवरीऽऽ! ये माय ये! शेवरीऽऽऽ!

साहेबराव : हीच. हीच पाहिजे हुती तिला.

धुरपताबाई : अक्षरं कुठं गेली? 'शे' तेवढा दिसतोय, बाकी समदं काळं झालं.

पंचशीला : मावली न्हाई माय. पडद्याच्या बाहेर गेली हाक.

धुरपताबाई : मला वाटलं, हळूच मारते मी.

पंचशीला : न्हाई गं. गल्लीतली माणसं वळून बघून राहिलीत.

धुरपताबाई : एवढी मोठी असती? मग छावणीपात्तूर गेली असंल.