मिरीच्या वेलाला टायरचा धूर

माझं माहेर ताम्हिणी घाटाखाली, कोकणात. तितं मिरीचा वेल कुणाला जपावा लागत न्हाई, आपला चढतो सुपारीवर. लगीन होऊन वर मुळशीत, माले गावात आले, तर काय सांगू तुमाला, हितं थंडीत धरणावरनं असा गारठा येतो की पहाटं गवत पांढरं दिसतं. आई गेली, भावांनी घरामागलं परसू विकलं, सुपाऱ्या तोडल्या, तवा त्या वेलाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि दारातल्या आंब्यापाशी लावली. आईचं तेवढंच उरलं. सासूबाई म्हणाल्या, कोकणातलं बेणं हितं जगतंय व्हय? म्हणलं, मी जगले न्हवं.

माझं काम शिस्तीचं. दिवाळी सरली की गोणपाटं धुवायची, बांबू रोवून आडोसा करायचा, पानाला गोणपाट टेकू द्यायचं न्हाई. लई गारठा असला तर पहाटं ओला पेंढा धुमसत ठेवायचा, नुसता मऊ धूर. असं करून करून वेल फांदीला लागला, घोस धरले.

यंदा लेकीच्या बाळंतपणाला गेले. दिराला सांगितलं, भावजी, पहाटं धूर तेवढा करा. भावजींचा धंदा धरणाकाठी तंबू भाड्यानं द्यायचा. पुण्याची माणसं येतात, खातात, पितात आणि घाण टाकून जातात. तर ह्या बाबानं पेंढा गाईला ठेवला आणि तंबूवरचा कचरा आणून वेलाबुडी पेटवला, थर्माकोलच्या ताटल्या, रश्शानं बरबटलेल्या पिशव्या, वर टायर. वर फोनवर म्हणतोय, वहिनी, असा धूर केलाय, बोलायचं काम न्हाई!

येऊन बघते तर शी! पानांवर काळा चिकट थर, घोस करपलेले, बुडात वितळलेलं प्लास्टिक आणि त्यात कोंबडीची हाडं. हे काय, भावजी? तर म्हणतोय, धूर तो धूर, माझा कचरा बी गेला, तुमचं काम बी झालं. लाज न्हाई, काय न्हाई.

एका बाजूला वीतभर हिरवं राहिलेलं, ते कापून कुंडीत लावलं, चुलीमागं उबेला ठेवलंय. अजून तरी काळं पडलं न्हाई.

काल परत दारात उभा. वहिनी, तंबूवाल्यांना रस्सा झणझणीत पायजे, मूठभर मिरी द्या की. म्हणलं, टायर घाला त्यात. तुमी लिहून घेताय तर हे बी लिहा, देव त्याला सुखी ठेवो, भरपूर तंबू देवो, फक्त माझ्या कुंडीपासनं लांब ठेवो.